पाठमोरे सासरे आणि मुका कोल्हा

माझी नात रोज सकाळी बूट घालून पळायला जाते आणि घामाघूम होऊन परत येते. मागे कोणी लागलेलं नसतं, पुढे कोणी सुटलेलं नसतं. परत आली की मला विचारते, "आजी, तुमच्या वेळी बायका पळत नसतील ना?" मी नाही म्हणते. वाद घातला तर चहा निवतो. पण खरं सांगायचं तर मी तिच्याहून जास्त पळले आहे, तेही लुगडं नेसून, अनवाणी आणि चक्क बेटावर राहून.

बेट म्हटल्यावर नारळाची झाडं आणि निळं पाणी डोळ्यांपुढे आणू नका. मांजरा नदीला बिलोलीच्या अंगाला दिवाळीनंतर पाणी उतरलं, की पात्रात वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडायचा. गावाकडच्या बाजूला गुडघाभर धार, पलीकडे खरी नदी. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला नुसता आवाज पोचे, शब्द पोचत नसत. या वाळूत चर खोदून, शेणखत भरून सासरचे लोक टरबूज-खरबूज लावत. संक्रांतीपासून वैशाख सरेपर्यंत बेटावरच तुराट्यांची खोप घालून राहायचं. गावातलं घर आणि गुरं सासूबाई सांभाळत. बेटावर सासरे, माझे यजमान आणि भाकऱ्या थापायला मी.

मी चाकूरकडची. आमच्याकडे नदी नावाची वस्तू फक्त ऐकायला मिळे, पण रान मोकळं होतं आणि वासरू सुटलं की जो जवळ असेल त्यानं पळायचं अशी साधी रीत होती. लग्न होऊन सासरी आले आणि पायांना एकदम सुट्टी मिळाली. घर अंधारं, दार ठेंगणं, आणि सुनेच्या पावलाचा आवाज ओसरीपर्यंत येता कामा नये असा दंडक. पहिलं वर्ष मी त्या घरात कसं काढलं ते माझं मला माहीत. म्हणून बेटावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला रडूच आलं. यजमानांना वाटलं, माहेरची आठवण आली. मला आठवण बिठवण काही आली नव्हती. एवढं आभाळ मी वर्षभरानं बघत होते.

सासऱ्यांविषयी सांगायला हवं. साठीचा, ताठ, मितभाषी माणूस. डोक्यावरचं पागोटं झोपतानाच उतरे. खोटं बोलणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नसत, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांना फार लांबवर तहानलेलं चालावं लागे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी, ही रीत घरात ठीक होती. तिथं मध्ये सासूबाई असत. बेटावर मध्ये कोणीच नव्हतं. यजमान माल घेऊन बाजाराला गेले की आम्ही दोघंच. मग सासऱ्यांनी पाण्याच्या रांजणाशी बोलायला सुरुवात केली. "आज भाकरी जरा लवकर पायजे," असं ते रांजणाला सांगत. मी चुलीला सांगे, "पीठ मळून झालंय." असा आमचा संसार रांजण आणि चूल यांनी मिळून चालवला, आणि दोघांनी कधी चहाडी केली नाही.

आता कोल्हे. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण ज्यानं केली त्यानं आमचं बेट पाहिलं नसावं. आमचे कोल्हे काकडीला तोंड लावत नसत. त्यांना टरबूज लागे, तेही पिकलेलं, आणि एक खाऊन चार फोडून ठेवायची त्यांची पद्धत. पहाटे धार ओलांडून यायचे. त्यांना हाकलायचं काम यजमानांचं होतं. पण यजमानांची चाल अशी, की कोल्हा त्यांना पाहून पळत नसे, जरा सरकून बसे.

एका पहाटे यजमान बाजाराला गेलेले, आणि तीन कोल्हे वाळूत बसून न्याहारी करताना दिसले. मी ओचा वर खोचला, हातात काठी घेतली आणि सुटले. वर्षभर दावणीला बांधलेले पाय. ओली वाळू, गार वारा, पुढे तीन शेपट्या. बेटाच्या शेंड्यापर्यंत त्यांना पळवत नेलं आणि पाण्यात घातलं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. परत वळले, तर सासरे नदीत उभे, सूर्याला अर्घ्य द्यायला ओंजळ भरलेली, आणि नजर माझ्यावर. ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. रांजणालाही नाही. तडक धार ओलांडून गावात गेले आणि सासूबाईंना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलत नसत ना.

सासूबाई म्हणाल्या, "पळणारी बाई आन् सुटलेली म्हैस, समदं गाव बघतंय. आना तिला घरात."

पण टरबुजांचं काय, हा प्रश्न उरलाच. सासऱ्यांचे गुडघे दुखत, यजमानांचा वेग मी सांगितलाच. दिवसभर खल झाला आणि शेवटी मला गावात बोलावून सासूबाईंनी निकाल दिला. सुनेनं पळावं, पण सासऱ्यानं बघू नये. पळायच्या आधी तिनं बांगड्या वाजवायच्या. सासऱ्यानं खोपीकडं तोंड करून, डोळे मिटून उभं राहायचं. पळून आली की पुन्हा बांगड्या, मग वळायचं. "आन् एकदा जरी तुमच्या नजरेला पळताना पडली, तर त्याच दिवशी पोरगी घरात. पुन्हा बेट न्हाई."

मी मान डोलावली. माझं सगळं आभाळ आता दोन डझन काचेच्या बांगड्यांवर लटकत होतं.

तेव्हापासून रोज पहाटे ही कवायत सुरू झाली. बांगड्या खळखळल्या की सासरे हातातलं काम टाकून खोपीच्या कुडाकडे तोंड करून उभे राहत आणि जप करत. मी बेटाला पुरा वेढा घालून येई. खरं तर पंधरा दिवसांत कोल्ह्यांनी आमचं बेट सोडून दुसरं घर पाहिलं होतं. मी मात्र बांगड्या वाजवतच होते. पळण्याची चटक वाईट. वेढा संपला की वाळलेला भोपळा पोटाशी बांधून पलीकडच्या डोहात पोहायलाही शिकले. सुसर दिसली की उलटी पोहत बाहेर यायचं, हेही शिकले. सासऱ्यांचा जप लांबत चालला.

एक दिवस ते रांजणाला म्हणाले, "आज तर कोल्ह्याचं वरडणं ऐकू आलं न्हाई."

मी चुलीला म्हणाले, "मुका कोल्हा होता."

सासऱ्यांनी रांजणावरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाले, "मुका लई लबाड असतंय." आणि दुसऱ्या दिवशी बांगड्या वाजल्या तेव्हा मुकाट्यानं पाठ फिरवून उभे राहिले.

त्याच उन्हाळ्यात गिरदावरसाहेब आले. गिरदावर म्हणजे गावोगावच्या जमिनीची पाहणी करणारा निजाम सरकारचा अंमलदार. ते राज्य शेवटच्या घटका मोजत होतं म्हणे, पण गिरदावरसाहेबांना कोणी कळवलं नसावं. भोयाच्या गोल नावेत बसून, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, डोळे मिटून ते बेटावर उतरले. कापडात बांधलेला बस्ता सोडला, कागद पाहिला आणि म्हणाले, "यहाँ तो पानी है."

सासरे म्हणाले, "हुजूर, आपण वाळूवर उभे हाव."

"दफ्तर में पानी लिखा है. पानी है."

सासऱ्यांनी एक मोठं टरबूज फोडून पुढं ठेवलं. "मग हे कुठं पिकलं, हुजूर?"

साहेबांनी दोन फोडी संपवल्या, दाढी पुसली, कागदावर शेरा मारला आणि म्हणाले, "मीठा पानी है." उरलेलं टरबूज आणि आणखी चार त्यांच्याबरोबर नावेतून गेली. सरकारी कागदात आमचं बेट तेव्हाही नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

त्या संध्याकाळी सासरे रांजणाला सांगून सांगून हसत होते. "डोळे असून आंधळा! उभा हाय वाळूत आन् लिहितोय पाणी! असलं कसलं राज्य?" मी भाकरी उलटली आणि पदराआड तोंड दाबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बांगड्या वाजल्या आणि हाच मनुष्य डोळे मिटून कुडाकडे तोंड करून उभा राहिला. मनात म्हटलं, दफ्तरात बेट नाही आणि घराच्या हिशेबी बेटावर पळणारी सून नाही. मग रोज वाळूत ही पावलं कोणाची उमटतात? पण चुलीलासुद्धा मी हे सांगितलं नाही.

वैशाख सरत आला. शेवटचा माल घेऊन यजमान देगलूरच्या बाजाराला गेले. सकाळी मी बांगड्या वाजवल्या, सासऱ्यांनी पाठ फिरवली, मी निघाले. वरच्या टोकाला पोचले आणि पाय थांबले. पाण्याचा रंग गढूळ, वर फेस, आणि एक अख्खी बाभळ मुळांसकट वाहत येत होती. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, थेंब पडला नव्हता. वर कुठंतरी पडला होता आणि नदी तो घेऊन आली होती.

मी वळले आणि आयुष्यात पळले नव्हते तशी पळले. मध्येच टरबुजाच्या चरात पाय गेला आणि खतातल्या दगडगोट्यांवर दोन्ही हातांवर पडले. मनगटं रक्ताळली. दोन्ही हातांत मिळून एक बांगडी उरली. एक बांगडी वाजत नाही.

खोपीपाशी आले तर पाणी सासऱ्यांच्या घोट्यापर्यंत चढलेलं, आणि ते कुडाकडे तोंड करून, डोळे मिटून जप करताहेत. नंतर ते रांजणाला सांगत, पाय ओले लागले तेव्हा त्यांना वाटलं, रांजण लवंडला. बांगड्या वाजल्याशिवाय वळून बघणार कसे?

मी लांबूनच ओरडले, "मामा, पळा! नदी आली!"

लग्नानंतर त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. ते हलले नाहीत. कुडाला म्हणाले, "आदी बांगड्या वाजव म्हणावं."

मला हसावं की रडावं कळेना. धार भरत होती, मला पोहता येत होतं, त्यांना येत नव्हतं. हा माणूस रीत मोडायची नाही म्हणून बुडून मरेल, हे मला स्पष्ट दिसलं. आणि आपण पुढे होऊन हात धरला तर बेट गेलं, पळणं गेलं, पुन्हा ते ठेंगणं दार, हेही तेवढंच स्पष्ट दिसलं. एक क्षण मी थांबले. तो एक क्षण मला अजून टोचतो.

"बांगड्या फुटल्या!" म्हणाले, खोपीवरचा भोपळा ओढला आणि त्यांचं मनगट धरलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आणि मग पळाले. गुडघे दुखणारे, रांजणाखेरीज कोणाशी न बोलणारे माझे सासरे धोतर वर धरून असे पळाले, की मलाच त्यांच्याबरोबर राहायला जोर लावावा लागला. पागोटं वाटेत पडलं, त्यांनी मागे पाहिलं नाही. धारेत पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा मी भोपळा त्यांच्या पोटाखाली घातला आणि ओढत पुढं निघाले. भोयानं काठावरून दोर टाकला. वर येऊन वळलो तेव्हा खोपीचा माथा तेवढा दिसत होता. मग तोही नाही.

काठावर गाव जमलं होतं. सासूबाई पुढे आल्या. आधी नवरा जिवंत आहे हे पाहिलं, मग त्याचं बोडकं डोकं, मग एकच बांगडी उरलेले माझे हात. त्यांचा चेहरा उतरला. मला कळलं, आता निकाल. 

"अवो," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या म्होरं पळाली का ही?"

 भोयानं पाहिलं होतं. अर्ध्या गावानं पाहिलं होतं. सासरे कधी खोटं बोलत नसत. मी खाली वाळूकडे बघत राहिले.

सासरे खाकरले. म्हणाले, "मला काय ठावं? माझी पाठ होती."

"अवो, पर तिनं हात धरून..."

"कुनी धरला हात? मला वाटलं, पाणीच वढून राहिलं." एवढं बोलून ते ओल्या धोतरानं घराकडे चालू लागले. त्या दिवशी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो बाजूला सारून म्हणाले, "आज ह्या घरचं पाणी नको मला." का नको, ते घरात कोणाला कळलं नाही. मला कळलं. मागल्या दारी जाऊन मी पोटभर रडले.

दिवाळीनंतर पुन्हा पाणी उतरलं. बेट निघालं, पण जुन्या जागी नाही, जरा खाली. नवी खोप घातली, नवा रांजण आणला. पहिल्या संध्याकाळी मी चूल पेटवत होते. सासरे रांजणापाशी आले, त्यात डोकावून पाहिलं आणि त्याला म्हणाले, "तिला म्हणावं, औंदा बांगड्या जरा जास्त भर."