साडूंच्या राऊटरचा उपास

आमच्या थोरल्या साडूंइतका इंटरनेटवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या जुळे सोलापुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका टीव्ही बघणाराही नाही. ही दोन्ही कामं एकाच माणसाला कशी जमतात ते कळायला त्यांच्या हॉलमधलं कपाट उघडावं लागतं. आत एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास घुमत असतो. त्याच्या पोटात त्यांनी आयुष्यभर गोळा केलेलं सगळं साठवलेलं आहे: सिनेमे, कीर्तनं, पोरांची गॅदरिंगं, भावकीतली झाडून सगळी लग्नं. घरातल्या कुठल्याही टीव्हीनं मागावं आणि या डब्यानं द्यावं, बाहेरच्या जगाचा संबंध नाही. साडू त्याला सर्व्हर म्हणतात. आमची मेहुणी नुसतं ‘ते घुमणारं’ म्हणते.

साडू श्रीपूरला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. ऐन हंगामात मशीन बंद पडल्यावर काय धावपळ होते ते उभा जन्म बघितल्यामुळे चालू असलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा भरवसा नाही. “चालायलंय म्हणजे अजून बंद पडलं नाही, एवढंच की!” म्हणून दर शनिवारी ते इंटरनेटची वायर उपसून ठेवतात. याला ते राऊटरचा उपास म्हणतात. सकाळी अंघोळ, मारुतीला तेल, मग वायर. दिवसभर टीव्ही लावून खात्री करायची, की घरचं घरात नीट चालतंय. एका शनिवारी माझ्यादेखत त्यांच्या लेकीची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. ती तणतणत बाहेर आली, तर हे शांतपणे म्हणाले, “साबुदाणा खा.”

पुण्याचा आमचा धाकटा मेहुणा या सगळ्याला पोट धरधरून हसायचा. त्याचं सगळं क्लाउडवर. “दाजी, कशाला हे भंगार सांभाळताय? माझं सगळं वर आहे,” म्हणून तो छताकडे बोट दाखवायचा. साडू म्हणायचे, “वर गेलेलं कधी खाली आलंय का रे?”

मग सासूबाईंची पंचाहत्तरी आली. करकंबहून त्यांना साडूंच्या घरी आणलं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं जात चालली होती, आणि डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. काय हवं विचारलं तर म्हणाल्या, “लुगडं नगं, काय नगं. दिसतंय तवर ह्यास्नी एकदा बघू द्या.” ‘ह्यास्नी’ म्हणजे आमचे सासरे, वारून कैक वर्षं झालेले. हलताबोलता तो माणूस उरला होता फक्त माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. मूळ कॅसेटला बुरशी खाऊन गेली. पण तिच्यावरून उतरवून घेतलेली एक प्रत मेहुण्याच्या क्लाउडवर होती, एक साडूंच्या डब्यात. मान धाकट्या लेकाचा, म्हणून दाखवायचं त्यानं ठरलं.

त्यानं आईसाठी भिंतीएवढा नवा टीव्ही आणला. चाळीस पाहुणे दाटीवाटीनं बसले. आणि नेमकी त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या खोदाईत इंटरनेटची वायर तुटली! फोनचं नेट लावून बघितलं, तर पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. सासूबाई डोळे ताणून त्या चक्राकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “ह्यात हायत व्हय ते?”

मेहुण्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत जाणार होत्या. पुन्हा येतील तेव्हा दिसेल का, कुणी सांगावं!

साडू उठले. नवा टीव्ही आपल्या डब्याला जोडून बघितला. तर डबा त्या अनोळखी पाहुण्याला म्हणतो, आधी इंटरनेटवर जाऊन तू कोण ते सिद्ध कर. साडू मात्र खुलले. “ह्याला उपासाची सवय नाही!” असं म्हणून आत गेले आणि बेडरूममधला कोपरा फुटलेला जुना टीव्ही छातीशी कवटाळून घेऊन आले. हा गडी कितीतरी वर्षं शनिवार पाळत आलेला. हा घरचाच आहे, याला काही विचारायचं नाही, असं साडूंनी डब्याला कधीच सांगून ठेवलं होतं. बटण दाबलं, आणि भसकन सनई सुरू! करकंबचा मांडव, मुंडावळ्यांमागे घाबरलेला मी, सगळं हजर. घरात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शिट्टी मारली ती मेहुण्यानंच. “दाजी, मानलं तुम्हाला!” साडूंची छाती अशी फुगली, की जणू अख्खा गाळप हंगाम यांनी एकट्यानं पार पाडलाय.

पडद्यावर सासरे फेटा बांधून पंगतीत बुंदी वाढत होते. कॅमेरा दिसताच थबकले आणि कुणाला तरी हात करायला लागले. “अगं ये की! हितं माज्याशेजारी हुबी ऱ्हा!” त्या दिवशी सासूबाई लाजून खांबाआड गेल्या, त्या गेल्याच. कॅमेरा दिसला की त्यांचं नेहमी असंच, म्हणून दोघांचा एकत्र असा एकसुद्धा फोटो नाही. साडूंनी कुणी न सांगता तेवढंच परत लावलं. परत हाक आली. साडूंनी चित्र तिथंच थांबवलं.

सासूबाई खुर्चीला धरून उठल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि टीव्हीला खेटून आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“आजी, बाजूला व्हा, दिसत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कुणी हलवायचं नाही त्यांना!” साडू ओरडले.

सासूबाई म्हणाल्या, “काडा आता फोटू.”

मेहुण्यानं फोन उचलला आणि साडूंच्या हातात दिला. शेवटी फोटो साडूंनीच काढला.