मावशींच्या सहीचं पाणी

मावशींना निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्चीत टेकल्या तरी एक पाय फरशीवर ठेका धरून असायचा आणि हात काही ना काही पुसत असायचा. मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं, पाणी बनवणं. साधंसुधं नव्हे. मीठ, साखर, पोटॅशियम, कॅल्शियम, सगळं तोलूनमापून घातलेलं, अंगातल्या पाण्याच्या जवळ जाणारं. त्यात ठेवलं की कापून उघडलेली माशीची अळीसुद्धा तासभर तग धरते आणि तिच्या नसा काम करत राहतात. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर मावशी तारीख घालायच्या आणि खाली सही ठोकायच्या. सही अशी ऐटदार की मोठे सर म्हणायचे, "मावशी, तुम्ही न्यायाधीश व्हायचं सोडून इथे कुठे आलात?"

दुसरी ख्याती काटकसरीची. बरणीचा तळ खरवडल्याशिवाय नवी बरणी फोडायची नाही, हा त्यांचा कायदा. याचं कौतुक इतकं झालं होतं की कौतुकच पुढे नडलं.

प्रयोगशाळेत एक मुलगी होती. माश्या पाळायची म्हणून तिला सगळे माशीवाली म्हणत. एकदा पँटची चेन तुटली म्हणून ती मावशींच्या घरी आली. मावशींचे यजमान शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. चेन बसवून होईपर्यंत त्यांनी सहज विचारलं, "तू नेमकं करतेस तरी काय, पोरी?" तिने त्यांच्याच हातातली चेन घेतली.

"हे बघा काका. नसेच्या टोकाला बारीक पिशव्या असतात, रसायनाने भरलेल्या. पिशवीवर चेनची एक बाजू, नसेच्या भिंतीवर दुसरी. दोन्ही प्रथिनंच. चेन लागत गेली की पिशवी भिंतीला चिकटते, फुटते आणि रसायन पलीकडच्या स्नायूवर सांडतं. मग स्नायू हलतो."

"मग लागत का नाही सारखी?"

"मधे बोट घालून तिसरं प्रथिन बसलेलं असतं. संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं. ते ओळखणारं चौथं एक प्रथिन आहे. त्याला कॅल्शियम भेटलं की बोट निघतं आणि चेन सर्रकन लागते. त्या चौथ्या प्रथिनातला एक कण मी बदललाय. आणि काका, सांडणं चक्क निम्म्यावर आलंय!"

हे निम्मं म्हणजे तिची तीन वर्षं होती. त्याच्यावर लेख तयार झाला होता आणि लेखावर तिची पुढची नोकरी ठरायची होती. शिवाय लेखकांच्या नावांत तिने चौथं नाव मावशींचं घातलं होतं. "पाणी त्यांचं, तर नाव का नको?" असं सरांना ठणकावून सांगितलं होतं. एकतीस वर्षांत मावशींचं नाव बाटलीखेरीज कुठे छापून आलं नव्हतं. यजमानांनी ही बातमी कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला मापं घेता घेता सांगितली. मावशी वरवर म्हणायच्या, "पुरे झालं हो तुमचं," पण ऐकायला दारात उभ्या राहायच्या.

लेख सोमवारी जायचा होता. मावशींची निवृत्ती महिनाअखेरीस. म्हणून शुक्रवारी दुपारी त्या कपाट आवरायला बसल्या आणि मागच्या बाजूला कॅल्शियमच्या मिठाची जुनी बरणी हाताला लागली. टोपणाला चीर, चिरेवर त्यांनीच लावलेली चिकटपट्टी. आत चिकट, ओलसर खडे.

हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. ओलं झालं की वजन वाढतं, पण ती वाढ पाण्याची, मीठ तेवढंच. पाच महिन्यांपूर्वी यातलेच खडे चमच्याच्या पाठीने फोडून त्यांनी मोठी बाटली भरली होती. नवी बरणी शेजारी होती, पण तळ शिल्लक होता ना! त्यांनी थोडे खडे भट्टीत वाळवून पुन्हा तोलले. सहावा हिस्सा पाणी निघालं.

आता सहावा हिस्सा म्हणजे काही फार नाही, असं कुणालाही वाटेल. पण माशीवालीनेच एकदा फळ्यावर समजावलं होतं, कॅल्शियम जरासं घटलं की सांडणं कितीतरी घटतं; हिशेब चार वेळा गुणून करायचा. मावशींनी पाकिटाच्या मागे सहातले पाच चार वेळा गुणले. निम्म्याच्याही किंचित खाली. मग त्यांनी माशीवालीची वही उघडली. साध्या अळ्यांची मापं आधीच्या बाटलीतल्या पाण्यात घेतलेली. प्रथिन बदललेल्या अळ्यांची सगळी त्या मोठ्या बाटलीच्या तारखेनंतर. म्हणजे ते निम्मं नुसत्या पाण्याचंच असू शकत होतं. जन्मभर पाणी बनवणाऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

शनिवार, रविवार घरात त्यांनी शांतता राहू दिली नाही. भांडी दोनदा घासली, पडदे काढले, धुतले, ओलेच लावले. खिडकीशी जायच्या, परत यायच्या. तेव्हा मीठ इतकं ओलं असेल कशावरून? प्रथिनाचाही दोष असेलच की. तीन आठवड्यांत आपण घरी, कोण शोधायला बसलंय? प्रत्येक सबब तासभर टिकायची. मग पुन्हा त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर.

"अगं, किती येरझाऱ्या घालशील? मला सरळ टीप मारता येईना," यजमान मशीन थांबवून म्हणाले. "काय झालंय?"

मावशींनी सांगून टाकलं. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाले, "नाव जाईल तुझं."

"हो."

"मी सगळ्यांना सांगून बसलोय गं."

"अहो, म्हणून गप्प बसू?"

"तसं कुठे म्हटलं मी?" ते म्हणाले आणि उगाचच सुईत दोरा ओवू लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

सोमवारी मावशी सगळ्यांच्या आधी पोहोचल्या. माशीवाली पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच बरणी तिच्यापुढे ठेवली. "पोरी, लेख पाठवू नकोस. पाणी चुकलंय. माझं पाणी."

तिला आधी कळेचना. कळलं तशी तिने मोठ्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि त्यात एक साधी, काही न बदललेली अळी उघडून ठेवली. पडद्यावर रेघा उमटल्या, ठेंगण्याठुसक्या. साध्या अळीचंही सांडणं निम्मं. म्हणजे घट प्रथिनाची नव्हतीच, पाण्याची होती.

"तीन वर्षं, मावशी," ती म्हणाली. "एक बरणी फेकायला काय झालं होतं तुम्हाला?"

सरांनी लेख थांबवला. नोकरीवाल्यांना कळवावं लागलं.

त्या दिवशी मावशींनी नवी बरणी फोडली, तीन वेळा तोलून मोठी बाटली भरली. चिठ्ठीवर तारीख घातली. सही करायला पेन टेकवलं आणि उचललं. चार दिवस माशीवाली त्यांच्याशी बोलली नाही. समोरून गेली तरी नजर खाली. मावशी फरश्यांचे कोपरे घासत राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खोलीच्या दारात आली. डोळे सुजलेले, हातात ती नवी बाटली. सगळी मापं पहिल्यापासून घ्यायची होती.

"हिच्यावर सही नाही."

"आता कशाला माझी सही?" मावशी पुसता पुसता म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून बनवून घे."

"चूक झालेली कुणी सांगितली असती, मावशी? मलाही पत्ता लागला नसता." तिने बाटली टेबलावर ठेवली, खिशातलं पेन काढून पुढे केलं. "राग गेलेला नाही माझा. पण सहीशिवाय हे पाणी मी वापरणार नाही."

मावशींनी हात कपड्याला पुसले, खुर्ची ओढली आणि बसल्या. पाय हलत नव्हता. मग त्यांनी सही केली.