सगळ्यांचा डावा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मी मानसशास्त्र शिकलेली बाई... लोकांना 'आत्ता शरीरात काय चाललंय ते नुसतं बघा' हे शिकवणं, त्यातून शांत व्हायला शिकवणं, हा माझा व्यवसाय. त्यामुळे हे लिहिताना मला जरा अवघडच वाटतंय.

पुण्यात आयटी नुकतं जोरात आलं होतं. येरवड्याच्या पुढे एका कंपनीत मी स्ट्रेसवर सेशन घ्यायचे. जेवणानंतरची वेळ, चौथ्या मजल्यावरची मीटिंग रूम, खुर्च्या गोल मांडलेल्या. बहुतेक पोरं पंचविशीतली. एकटे केळकर पन्नाशीचे — टेस्टिंगचे प्रमुख, कसबा पेठेतले, एचआरने बळेच पाठवलेले.

त्या दिवशी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. पावलं, पोटऱ्या, गुडघे असं एकेका भागाकडे लक्ष देत खांद्यांपर्यंत आलो, तोच पल्लवी म्हणाली, "मॅडम, डाव्या हातात कळ येऊन राहिली." ती नागपूरची.

"काही करू नका, नुसतं लक्ष द्या," मी म्हटलं.

"मलाही येतेय," शेजारचा रोहन म्हणाला. मग पलीकडची मुलगी. मग एकेक करत जवळजवळ सगळेच. एकाचं ऐकून दुसऱ्याला वाटतं, असं मी मनाशी म्हणतेय, तेवढ्यात माझ्याच डाव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट जबड्यापर्यंत.

"दुखत नाहीये असं कुणी आहे का?" मी विचारलं.

केळकरांनी डोळे न उघडताच हात वर केला. "मला उलट छान वाटतंय. सकाळपासून खांदा धरला होता, तोही आत्ता सुटला."

का कोण जाणे, मला ते बरं वाटेना. "अहो, आपण डॉक्टरांना दाखवून या. आत्ताच."

"दुखतंय यांना, आणि डॉक्टरकडे मी जाऊ?"

कण्हता कण्हता पोरं हसली. पण कळ वाढतच गेली. छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं. पल्लवी रडायला लागली. मी "श्वास सावकाश सोडा" म्हणत राहिले — इतकी वर्षं उपयोगी पडलेलं ते वाक्य... कुणालाच काही फरक पडेना. मलाही नाही. शेवटी रिसेप्शनला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली.

"कुणासाठी, मॅडम?"

"सगळ्यांसाठी!"

आणि फोन ठेवतेय तोच दुखणं थांबलं. सगळ्यांचं, एकदम. पल्लवी डोळे पुसत हसली, "गेलं!"

केळकरांनी मात्र डोळे उघडले नाहीत.

आम्ही त्यांना खाली निजवलं, छाती दाबत राहिलो. ॲम्ब्युलन्स लवकर आली, तरी उपयोग झाला नाही. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "मोठा अटॅक होता. भयंकर दुखलं असणार. काहीच कसं बोलले नाहीत?" आमचे सगळ्यांचे ईसीजी नॉर्मल निघाले.

नंतर मी केळकरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने एवढंच विचारलं, "खूप त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही. छान वाटतंय म्हणाले."

त्यांनी माझे हात घट्ट धरले. "तुमच्यामुळे."

मला तिथून उठताही येईना.

नंतर डॉक्टरांना, माझ्या सरांना, कितीतरी जणांना विचारलं. योगायोग, मनाचे खेळ... कुणाचंच म्हणणं मला पटलेलं नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न मी अजून कुणालाच विचारलेला नाही — ती कळ त्यांची त्यांनाच आली असती, तर ते वेळेवर उठून डॉक्टरकडे गेले असते ना?