जेवत्या हाताची वाट

तमाम आप्तेष्ट, मित्रमंडळी व हितचिंतक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, इस्लापूरच्या वरच्या डोंगरात, मे महिन्याच्या भर दुपारी, माझ्या उजव्या बुटाचा सोल अल्पशा आजाराने निवर्तला. त्याच्या मागे बुटाचा वरचा भाग, एक नाडी आणि मी असा परिवार आहे.

सकाळच्या गाडीनं नांदेडहून निघालो तेव्हा बूट ठणठणीत होता. मी एकट्यानं डोंगर हिंडावेत हे माझ्या बायकोला मान्य नाही, आणि सोबत यावं हेही मान्य नाही. "उन्हात डोंगर चढायला तुम्ही काय शेळी आहात?" असं विचारत तिनं पिशवीत पाण्याच्या बाटल्या कोंबल्या. मी आपला खुशीत शीळ घालत गाडीत बसलो.

सागवानाच्या जंगलात उन्हाळ्यात सावली नसते. पानं सगळी खाली पडलेली, झाडं नुसती हजेरी लावायला उभी. त्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. कुणीतरी मागून येतंय असं वाटून मी सारखा वळून बघत होतो. चढण संपता संपता त्यात फटक-फटक असा आणखी एक आवाज मिसळला. तापलेल्या दगडांनी डिंक वितळवला होता आणि सोल कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत होता. काही वेळानं तो पूर्णच सुटला. मी पायाला रुमाल बांधला, पण काळ्या दगडावर पाय टेकला की त्या रुमालाचा उपयोग नुसता मन राखण्यापुरता होता.

अशा अवस्थेत एका मोहाच्या झाडाखाली पोहोचलो. तिथं एक म्हातारं जोडपं तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसलं होतं.

"एकलेच?" मावशींनी विचारलं.

"एकटाच. फिरायला आलो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग म्हातारबाबा फार हळुवारपणे म्हणाले, "घरी भांडान झालं काय?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मी डबा उघडला आणि भाकरी-ठेचा खायला लागलो. मावशींचे हात थांबले.

"अवं, डाव्या हातानं खाऊन राहिले तुम्ही?"

"लहानपणापासून."

"मायनं मारलं न्हाई का?"

"लई मारलं. शेवटी तिचाच हात दुखायला लागला."

म्हातारबाबा इतके हसले की त्यांच्या हातातला पुडा सुटला. मावशी मात्र माझ्या हाताकडे कौतुकानं बघत राहिल्या, एखादं दोन तोंडांचं वासरू बघावं तशा.

ठेचा आता पोटात पेटला होता आणि माझ्या शेवटच्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. त्यांच्या कॅनमध्येही तळाशीच काय ते हलत होतं, त्यामुळं मागायला जीभ रेटेना. मी विचारलं, जवळ पाणी कुठं मिळेल?

"खाली हापसा हाय की. ह्याच पायवाटंनं जावा," मावशी म्हणाल्या. "म्होरं बाभळीपाशी वाट फुटती. तिथं जेवत्या हाताला वळा. दुसरीकडं न्हाई जायचं बरं, नाल्यात जाताव. तिथं निस्ते धोंडे हायेत."

मी बाभळीपाशी पोहोचलो, वाट फुटलेली पाहिली, आणि तिथंच माझी बुद्धीही फुटली.

आमच्याकडं खेड्यात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. उजव्याला जेवता हात म्हणतात. मी डावखुरा, त्यामुळं जन्मभर हा शब्द ऐकला की मनात उलटा करून घेतो: आपला नव्हे, लोकांचा. या हिशोबानं उजवीकडं जायला हवं. पण मावशींनी तर आत्ताच मला जेवताना बघितलं होतं. मग त्यांनी माझा जेवता हात सांगितला असेल तर? तर डावीकडं. पण माणूस रोजच्या सवयीनं बोलतो, समोरच्याचा हात बघून थोडाच बोलतो? तर उजवीकडं. पण मग त्यांनी इतका वेळ माझा हात का निरखला?

मी दोन्ही हात समोर धरून आळीपाळीनं बघितले. दोघेही माझ्याकडे सारख्याच निरागसपणे बघत होते. रुमाल एव्हाना जळक्या पापडासारखा झाला होता, आणि परत वर जाऊन "म्हणजे नक्की कुठला हात?" असं विचारायची मला लाज वाटत होती. चुकलो तर त्या धोंड्यांतून याच पायानं परत चढून यायचं, तेही कोरड्या घशानं. मी उरलेला घोट प्यायलो, आयुष्यभराच्या अनुभवावर भरवसा ठेवला आणि उजवीकडं वळलो.

वाट सुरुवातीला फार गोड वागली. मग अरुंद झाली, मग खोल उतरली, आणि शेवटी मी ज्या जागी उभा राहिलो तिथं धोंड्यांशिवाय काहीही नव्हतं. पाणी तर नव्हतंच. पावसाळ्यात इथून पाणी जातं, एवढी खूण तेवढी दिसत होती.

परत कसा चढलो ते नीट आठवत नाही. काही ठिकाणी एका पायावर उड्या मारल्या, काही ठिकाणी बसून सरकलो, आणि मधे एकदा डोळ्यांपुढं अंधारल्यावर बायकोची मनापासून माफी मागितली. बाभळीपाशी आल्यावर सरळ डावीकडं जायला हवं होतं. पण तोवर माझा कुठल्याच हातावर विश्वास उरला नव्हता. मी मोहाच्या झाडाकडंच खुरडत गेलो.

म्हातारबाबांनी कॅन माझ्या तोंडाला लावला. तळाचं कोमट पाणी होतं, प्लॅस्टिकच्या वासाचं. मी ते सगळं संपवलं.

"नाल्यात गेलते काय?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्हीच तर जेवत्या हाताला म्हणालात. मी उजवीकडं गेलो."

मावशींनी कपाळावर हात मारला.

"अवं, मी तुमचा हात बघून सांगितलं की. मग मघा भाकर कोन खाऊन राहिलं होतं?"