अभ्यास चाललाय, टीव्ही हळू करा

लालबागच्या चाळीत आत्याच्या खोलीत राहून मी वर्षभर पोकर खेळून पोट भरत होते. पैशांचे पत्ते लॅपटॉपवर सर्रास खेळले जायचे, तेव्हाची ही गोष्ट. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेली, संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, घरातली पहिली पदवीधर मुलगी दिवसभर पत्ते खेळते, हे आत्याला चाळीत सांगवेना. तिने सांगून टाकलं, पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते.

मला वाटलं, बरंच झालं. तिथेच चुकलं. चाळीत अभ्यास म्हटलं की माणसं देवळात आल्यासारखी वागतात. समोरच्या वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केला. पॅसेजमधलं क्रिकेट खाली अंगणात गेलं. कुणी भिजवलेले बदाम पाठवले. शेजारचे काका गिरणीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी अग्रलेखाचं कात्रण आमच्या खिडकीच्या गजात खोचून ठेवायचे. मी लॅपटॉपवर एका वेळी चार टेबलं उघडून खेळत असायची आणि दारातून प्रश्न यायचा, राज्यपालांना शपथ कोण देतं? उत्तर देईपर्यंत माझी वेळ संपायची आणि हातातले चांगले पत्ते आपोआप फेकले जायचे. चिडायचं तरी कुणावर? मला घडवलंच मुळी असल्या लोकांनी. गावच्या गणिताच्या बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून फुकट शिकवलं नसतं, तर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नसतं.

खेळ वाईट चालला होता असंही नाही. बहुतेक महिने निभायचं. पण एखादा महिना सगळं नीट खेळूनही पाण्यात जायचा, आणि मग मी आत्याशी धड बोलायची नाही. तेवढ्यात दादरच्या एका क्लासमधून गणित शिकवायला विचारणा झाली. महिनाअखेरीला काय ते कळवा, म्हणाले. टेबलावर मी काही सेकंदांत ठरवायची, इथे तीन आठवडे नुसता घोळ घालत बसले. आत्याला विचारलं, तर ती म्हणे तूच शिकलेली आहेस.

अशातच परीक्षेचा निकाल लागला. मला पत्ताही नव्हता. दुपारी काका आले, हातात छापून आणलेली यादी आणि भिंग. यादी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "तुझं नाव नाही गं सापडलं. दोनदा बघितलं. होईल पुढच्या वेळी. लोक पाच-पाच वर्षं देतात."

भिंगामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. मला राहवेना.

"काका, मी परीक्षा दिलीच नाही. मी पत्ते खेळते. पोकर. त्याच्यावरच जगते."

"तीन पत्तीसारखं?"

"त्याहून जरा डोक्याचं."

"आणि मिळतं?"

"बहुतेक महिने."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मी भांडले तरी असते. "मग बरंय की," म्हणाले आणि उठले. दारात थांबून माझ्याकडे न बघताच बोलले, "पण मग आम्ही वर्षभर टीव्ही हळू कशाला ठेवला?"

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. कुणी भांडायला आलं नाही. आवाज पूर्ववत झाले, बदाम थांबले. गणपतीत जागरणाला पत्ते कुटणारे दोघेजण माझ्या पाठीमागे उभे राहून, अगं टाकलेस का, टाकलेस का, म्हणायला लागले. कानाला हेडफोन लावले, तरी आठवडाभर एक डाव धड खेळता आला नाही.

गोंगाटाला दोष देऊन मी मोकळी झाले असते. पण खरी गोष्ट वेगळी होती. मी जिंकते ते माझ्या गणितावर, अशी माझी समजूत होती. त्यात अख्ख्या मजल्याची शांतता होती, आणि ती मी खोटं सांगून घेतली होती. आता खरं सांगून मागायची, तर दारात उभं राहून म्हणायचं, वहिनी, आवाज जरा कमी करा, मी पोकर खेळतेय. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जीभ उचलेना. आणि जे समोरच्या दाराला सांगता येत नाही, ते आणखी किती वर्षं करायचं? याचं उत्तर काढायला संख्याशास्त्र लागत नाही. क्लासला फोन केला आणि हो सांगितलं.

वहिनींना वाटलं, मी नापास झाले म्हणून पत्त्यांची थाप मारली आणि आता शिकवण्यांवर आले. त्या पुन्हा बदाम घेऊन आल्या. मी वैतागून म्हटलं, मी परीक्षेला बसलेच नव्हते. त्या म्हणाल्या, असू दे गं, होतं असं.

"काय सांगू आता लोकांना?" आत्याने विचारलं.

"शिकवायला जाते म्हणून सांग. खरं आहे ते."

"खरं आहे," ती म्हणाली, "पण आता कुणाला पटायचं नाही."