पुसलेला फळा

लालबागच्या त्या चाळीच्या दारातला फळा म्हणजे लवू परबांची जहागीर. उद्या पाणी नाही, शनिवारी भजन आहे, अमक्यांचं दुःखद निधन, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. नवी सूचना आली की जुनी ओल्या फडक्याने पुसायची. निधनाची मात्र तेरावं होईपर्यंत कोणी पुसायची नाही, हा चाळीचा शिरस्ता.

चाळ पाडली आणि बिऱ्हाडं शिवडीपासून विरारपर्यंत पांगली. मग शेजारच्या अनुजाने वर्डप्रेस नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर चाळीची वेबसाइट काढली. लिहायचं काम अर्थातच लवूकाकांकडे आलं.

"ह्या वर्डप्रेसचो मालक कोण गो?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोणीच नाही, काका. जगभरातले लोक मिळून बनवतात. कोणीही वापरा, कोणीही सुधारा."

मालक नाही आणि तरी धड चालतं, हे काही काकांच्या गळी उतरेना. सगळा जन्म गिरणीच्या आणि चाळीच्या मालकांशी भांडण्यात गेलेला. भानगड काय आहे ते बघायला ते रोज एखादं नवं बटण दाबत. लिहायची रीत मात्र फळ्याचीच ठेवली. पान एकच, कालचं पुसायचं आणि आजचं लिहायचं.

एका दुपारी शिवडीहून कमलवहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांची बातमी तुम्ही लिहिली होती ना? तेव्हा माझ्याच्याने वाचवली नाही. आता वाचायची आहे."

वहिनींच्या नवऱ्याची, मनमोहनची, सूचना तेरावं होताच लवूकाकांनी स्वतःच पुसली होती. "बघतंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला खरा, पण वहिनींना आता काय तोंड दाखवायचं?

'जुन्या आवृत्त्या' हे बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. दाबलं, तर कालची सूचना उभी. पट्टी मागे सरकवली, तशी परवाची आली. त्यांनी पुसलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. मनमोहन सापडला तेव्हा त्यांनी ताबडतोब फोन लावून वाचून दाखवलं. वहिनींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"चांगलं लिहिलंत हो," त्या म्हणाल्या.

मग नादच लागला. काका मागे मागे सरकत पार पहिल्या सूचनेपर्यंत गेले. तिच्यामागे काहीच नव्हतं. त्यांची बायको रखमा गेली ती चाळीत असताना. तिची सूचना खडूची होती, आणि तेराव्यानंतर फडकं त्यांनीच फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लवूकाकांनी पहिल्यांदाच नवं पान उघडलं. रखमाची सूचना आठवून आठवून, जुन्या तारखेसकट लिहिली. शनिवारचं भजन कळवायला मात्र, तिचं पान तसंच ठेवून, त्यांनी दुसरं पान घेतलं.