पळत आलेली भाची

भरवेलीच्या खाण कॉलनीतली अंजू पळायला लागली ती हौसेने नव्हे, भीतीने. शाळेत पोरांसाठी खिचडी रांधणारी, चाळिशी गाठलेली बाई पहाटे नवऱ्याचे बूट घालून रस्त्यावर उतरते म्हटल्यावर कॉलनीला आयताच विषय मिळाला. नवरा गजेंद्र खाणीतून कानकोंडा होऊन आला. "लोकं हसून राह्यले ना."

"हसू दे. माह्ये पाय माह्यं ऐकतेत का, तेवढंच मी रोज पाहून राह्यली."

तिच्या आईचे पाय ऐकेनासे झाले होते. शांताबाईचे हातपाय आपोआप नाचायचे, मान झटके घ्यायची. गावाने ठरवून टाकलं, हिच्या अंगात देवी येते. बायका कुंकू लावून, ओटी भरून जायच्या, आणि ती बिचारी तोंडाशी नेलेला घास सांडत झिजून गेली. नाव कळलं ते उशिरा, नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडून: हंटिंग्टन. मेंदूतल्या पेशी मरत जातात. हा आजार आईबापाकडून लेकरांत उतरतो. उतरेल किंवा नाही, निम्मी निम्मी शक्यता. बरं करणारं औषध नाही. शोध चालू आहे, आणि त्याला साऱ्या गोतावळ्याचं रक्त हवं, आजाऱ्यांचं आणि धडधाकटांचंही.

अंजूने आपलं देऊन टाकलं. गोतावळा मात्र मूग गिळून बसला. पोरींची लग्नं व्हायची होती, हात पुढे करणार कोण? सगळ्यांचे डोळे बिरशाकडच्या शालिकराममामाकडे, आईच्या सख्ख्या भावाकडे. त्याने फोनवरच तोडून टाकलं, "आमच्या घरात असलं काही नाही. पुन्हा नाव काढू नको."

मग अंजूने ठरवलं, भरवेलीहून बिरशाकडे पळत जायचं, नातलगांच्या गावागावांतून. बसने गेली असती तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावली असती. पळत आलेल्या बाईला मात्र अख्खं गाव विचारतं, "काहून पळून राह्यली ओ बाई?" आणि मग ती सगळ्यांसमोर सांगते. धाप लागलेली असताना आपल्या घरातलं दुखणं चौकात बोलायचं, याला काळीज लागतं. ते अंजूकडे होतं.

गजेंद्र पाण्याच्या बाटल्या घेऊन मोटारसायकलवर मागे. बैहरच्या घाटाने तिचा जीव काढला. रक्त द्यायला दोन घरांनी हौ म्हटलं, एकाने कुत्रं सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मामाच्या गावात शिरली, तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. मामा ओट्यावर बसलेला. तो उठला नाही.

आणि तिथेच अंजूचा पाय वाकडा पडला. दुसरा झटकला गेला. चार पावलं ती डुलत, लडखडत चालली, हुबेहूब आईसारखी. एका म्हातारीने हात जोडले. अंजूलाही वाटलं: आलं का ते?

ती खाली बसली. पोटरी दगडासारखी झाली होती. "गोळा आला, मामा," ती म्हणाली. "दुसरं काही नाही." पण आवाजात जोर नव्हता.

तेव्हा मामा उठला. इकडची रीतच आहे, मामा भाचीच्या पाया पडतो. त्या दिवशी त्याने भाचीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागला. हळूहळू गोळा सुटला, पाय सैल पडला. पण मामाची बोटं थांबेनात. चोळणं संपलं तरी एकेक बोट आपल्याच मनाने उडत होतं. अंजूने त्याच्याकडे पाहिलं.

"लई दिवस झाले," मामा पुटपुटला. "घरात कोणाले सांगितलं नाही." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईले सांग, माह्यं रक्त घे म्हणा."

अंजू हमसून रडली. दारात श्रुतिका उभी होती, मामाची नात. तिच्याच लग्नासाठी ही सारी लपवाछपवी. ती ओट्यावरून उतरून जवळ आली.

"आबा, मी बी देऊ?"

शालिकरामने मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "हौ."